गिटारवर थाप, गिटारला साथ: वेगळ्या वाटेचं ॲकॉस्टिक वादन आणि स्वतंत्र कलाकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपला की गिटार पेटीत ठेवायच्या आत दोन-चार जण जवळ येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा "एवढं बडवता, गिटार फुटत नाही का?" आणि थोडं मोकळं झाल्यावर दुसरा, "यावर भागतं का हो?" दोन्ही प्रश्न आपुलकीचे असतात आणि दोन्हींची उत्तरं उभ्या उभ्या नीट देता येत नाहीत. म्हणून इथे बसून, सविस्तर लिहितो.

हे वादन म्हणजे नक्की काय?

एका गिटारवर एकाच वेळी तीन कामं. अंगठा जाड तारांवर खर्ज सांभाळतो, बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात आणि त्याच हाताचं मनगट किंवा दुसऱ्या हाताची बोटं गिटारच्या लाकडावर ताल धरतात. वादक याला 'पर्कसिव्ह फिंगरस्टाइल' म्हणतात. यात पिक (तार छेडायची प्लास्टिकची चकती) नसतं, वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं लूप मशीन नसतं, आधी भरून ठेवलेला ट्रॅकही नसतो. डोळे मिटून ऐकलं तर तीन माणसं वाजवताहेत असं वाटावं आणि डोळे उघडल्यावर एकटा माणूस दिसावा, एवढंच.

हे यूट्यूबमुळे आलेलं खूळ आहे ना?

यूट्यूबमुळे ते घरोघरी पोचलं, हे खरं. 2006 च्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यातल्या अँडी मॅकीचे व्हिडिओ कँडीरॅट नावाच्या छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, टाकले. डावा हात गिटारच्या मानेवरून, उलट्या बाजूने येऊन तारांवर पडतोय, हे त्यात लाखो लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बोटं मोजली आहेत.

पण मूळ बरंच जुनं आहे. स्पेनच्या फ्लामेंको वादनात अनामिकेने लाकडावर ठोका देणं हा रोजचा भाग. त्याला 'गोल्पे' म्हणतात आणि त्यासाठी त्या गिटारवर एक पातळ पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने मोरोक्कोतलं ऊद हे तंतुवाद्य ऐकून 1960 च्या दशकात तारा वेगळ्याच पद्धतीने लावल्या. त्या ट्युनिंगबद्दल (तारा सुरात लावण्याच्या पद्धतीबद्दल) खाली लिहिलंय. अमेरिकेच्या मायकल हेजेसचा 1984 चा अल्बम आला तेव्हा दोन्ही हातांनी तारांवर आपटून, ओढून, दाबून संगीत रचता येतं हे लोकांना कळलं. त्याच सुमारास प्रेस्टन रीडने गिटारच्या सगळ्या अंगाचा ड्रमसेट केला. हेजेस 1997 मध्ये मोटार अपघातात गेला. वय फक्त 43.

आणि आपल्याकडचं काय? हवाई बेटांवर जोसेफ केकुकुने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून धातूची पट्टी सरकवली. ती पद्धत भारतात आली. हवाईचा ताऊ मो 1940 च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत होता, शिकवत होता. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या शिष्याने, याच आडव्या गिटारवर मींड घेत राग मांडले. 1967 मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने त्यांची गिटार रेकॉर्डवर आली आणि ती रेकॉर्ड आपल्या घरांतून अक्षरशः झिजेपर्यंत वाजली. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि 1994 मध्ये अमेरिकी गिटारवादक राय कूडरबरोबरच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. तेव्हा गिटार "अशीच धरायची, अशीच वाजवायची" असं कुणी सांगू लागलं तर मला काब्रांची आठवण होते.

तर मग, गिटार फुटते का?

चुकीच्या जागी मारली तर फुटते. माझीच एक गिटार अशी गेली. हातातली अंगठी काढायला विसरलो होतो. साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकाच्या, खालच्या बाजूला ठोका पडला आणि बोटभर लांब चीर गेली. लाकूड चिरतानाचा तो कोरडा आवाज अजून कानात आहे.

गिटारचं वरचं लाकूड जेमतेम अडीच-तीन मिलीमीटर जाडीचं असतं आणि स्टीलच्या सहा तारा मिळून त्यावर 70 किलोच्या आसपास ताण देत असतात. ते टिकतं ते आतून लावलेल्या पट्ट्यांमुळे. चांगल्या स्टील-स्ट्रिंग गिटारमध्ये या पट्ट्या फुलीच्या आकारात असतात. त्यांच्या आधाराच्या जागी थाप दिली तर काही होत नाही. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या भागावर नखाने किंवा बोटाच्या गाठीने जोरात मारलं तर होतं. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन साउंडहोलमधून आत एकदा बघाच. आपल्या गिटारची हाडं कुठे आहेत ते कळल्यावर हात आपोआप शहाणा होतो.

आणि एक. जोर लागतच नाही. नवीन मुलं व्हिडिओ बघून येतात आणि सतरंजी झटकावी तसं बडवतात. तबल्याची थाप आठवा. वजन हाताचं, जोर सोडून दिलेला.

ताल कुठे आणि कसा वाजवायचा?

इथे आपल्याला एक मोठा फायदा आहे. परदेशी धडे ड्रमसेटच्या 'किक' (खोल आवाज) आणि 'स्नेअर' (चटचटीत आवाज) या भाषेत शिकवतात. मी डग्गा आणि तबला या भाषेत शिकवतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी गणपतीत टाळ धरलेला असतो, ताल अंगात आधीच असतो.

डग्गा मनगटाकडे. उजव्या हाताच्या तळव्याची टाच साउंडहोलच्या वरच्या बाजूला पडली की 'गे' मिळतो. गिटारचं पोट म्हणजे तोंड उघडं असलेलं हवेचं भांडं. त्या हवेचा स्वतःचा स्वर मोठ्या गिटारमध्ये साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून थाप हलकी असली तरी आवाज खोल येतो. गोव्याच्या घुमट या वाद्यात मातीच्या भांड्यातली हवा घुमते, तेच तत्त्व.

तबला बोटांकडे. त्याच हाताची बोटं फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची पट्टी) संपतो तिथे तारांवर चापट देतात. तारा फ्रेटवर, म्हणजे त्या पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कांड्यांवर, आपटून जो 'चट्' आवाज येतो तो आपला 'ना'. डाव्या हाताची बोटं गिटारच्या कडेवर, खांद्याजवळ, पडली तर आणखी बारीक आवाज मिळतो. नख ओढलं तर झांजेची खसखस.

आता केरवा ताल घ्या. धा गे ना ती, न क धि न. 'धा'वर अंगठ्याने सहावी तार आणि मनगटाची थाप एकत्र, 'ना'वर चापट. सुरुवातीला चाल नकोच. पहिला आठवडा फक्त एवढंच, तेही इतक्या सावकाश की मध्ये श्वास घेता यावा. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या तारेवर एकच स्वर जोडायचा, तिसऱ्यात दोन. मग अचानक एखाद्या संध्याकाळी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणताना टाळ जसा आपोआप पडतो तसं मनगट आपोआप पडायला लागतं. तो क्षण विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर दिसतो आणि त्यासाठी मी शिकवतो.

तारा वेगळ्या का लावतात? साध्या ट्युनिंगमध्ये जमत नाही का?

जमतं. पण डावा हात ताल धरायला किंवा मानेवरून वाजवायला मोकळा हवा असेल तर मोकळ्या तारांनीच सूर धरून ठेवायला हवा. म्हणून तारा अशा लावतात की काहीही न दाबता छेडलं तरी कानाला गोड लागावं.

सगळ्यांत लाडकं ट्युनिंग म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी, बोलीत 'डॅडगॅड'. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची, झालं. आता डी हा षड्ज धरून तेच आपल्या भाषेत म्हणा: सा प सा म प सा. पंचम आहे, मध्यम आहे, दोन बाजूंना षड्ज आहे आणि गंधार नाही. गंधार कोमल की शुद्ध हे तुम्ही बोटाने ठरवायचं. तानपुरा मांडीवर घेतल्यासारखं वाटतं. डेव्ही ग्रॅहमला उदाच्या साथीसाठी जे हवं होतं ते आपल्या कानाला इतकं घरचं वाटतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. भूप, दुर्गा, सारंग, काहीही घ्या, खालचा षड्ज घुमत राहतो.

इंग्लंडमधल्या लीड्सचा गिटारवादक जॉन गॉम तर वाजवता वाजवताच खुंट्या फिरवून स्वर चढवतो-उतरवतो. त्यासाठी त्याने बँजोच्या खास खुंट्या बसवल्या आहेत. साध्या खुंट्यांवर ते करू नका, सूर परत जागेवर येत नाही. आणि तारा उतरवायला भिऊ नका, चढवायला मात्र जपा.

ते घंटेसारखे स्वर कसे काढतात?

बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर तारेला बोटाने नुसता स्पर्श करून छेडायचं आणि लगेच बोट उचलायचं. तिथे तार बरोबर अर्धी होते, म्हणून वरच्या सप्तकातला तोच स्वर ऐकू येतो. सातव्या फ्रेटवर तारेचा तिसरा भाग, पाचव्यावर चौथा. स्पर्शाऐवजी त्याच जागी बोटाने झटकन चापट दिली की सहाही तारा एकदम घंटेसारख्या वाजतात. जमायला महिना लागतो. बोट फ्रेटच्या धातूच्या नेमकं वर हवं, मागे-पुढे नाही.

कोणती गिटार घेऊ?

आहे ती. खरंच. शिकण्यासाठी प्लायच्या लाकडाची स्वस्त गिटार उलट जास्त सोसते. दोन वर्षांनी, हात स्थिर झाला की अखंड लाकडाचा टॉप असलेली घ्या. ती घेताना दुकानात वाजवून तर बघाच, पण दुकानदाराला विचारून चार ठिकाणी हलकी थापही देऊन बघा. एका गिटारमधून डग्गा बोलतो, दुसरीतून पुठ्ठा.

माइकवर थापेचा आवाजच येत नाही. काय करू?

बहुतेक गिटारींना ब्रिजच्या (तारा जिथे पोटावर अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) हाडाखाली पिएझोची, म्हणजे दाबातला बदल टिपून आवाज विजेत बदलणारी, पट्टी असते. ती तारांचा ताण ऐकते, लाकडाचं कंपन फारसं नाही. म्हणून घरी दणदणीत वाटणारी थाप स्टेजवर गायब होते. उपाय म्हणजे लाकडाला आतून चिकटवायची कॉन्टॅक्ट पिकअप, म्हणजे कंपन टिपणारं उपकरण. ब्रिजच्या खाली आतल्या बाजूला दोन-तीन छोट्या चकत्या लावतात आणि थापेचा प्रत्येक बारकावा येतो. तोटा एवढाच की मोठ्या स्पीकरसमोर ती लवकर शिट्टी घालते. पुष्कळ वादक साउंडहोलमध्ये तारांचा आवाज टिपणारी एक मॅग्नेटिक पिकअप आणि लाकडावर एक कॉन्टॅक्ट, अशी जोडी ठेवतात. साउंडवाल्या दादांना आधीच सांगा की थापही ऐकू यायला हवी, नाहीतर ते आवाज फुटतोय असं समजून खालचे स्वर कापून टाकतात.

पावसाळ्यात गिटारचं काय होतं?

फुगते. वरचं लाकूड पोटासारखं वर येतं, तारा फ्रेटपासून लांब जातात आणि थाप भद्द वाजते. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, कोकणात जुलैत ती 90 च्या पुढे असते. गिटार भिंतीला टांगू नका. पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या महिन्याभराने बदला.

मनगट दुखतंय. वाजवत राहू का?

नाही. थांबा. बोटांच्या टोकांना होणारी आग वेगळी, ती सवयीने जाते. मनगटात, कोपराकडे जाणाऱ्या शिरेत कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर त्याच दिवशी गिटार खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मानेवरून हात नेऊन वाजवताना मनगट फार वाकतं. दिवसाला वीस मिनिटं पुरेत. हट्टाने तासन्‌तास घासून हात कायमचा गमावलेले वादक मी पाहिलेत, आणि त्यांचं दुःख बघवत नाही.

आता पैशांचं. मी तुमचं संगीत ॲपवर ऐकतो, म्हणजे तुम्हाला पैसे मिळतात ना?

अगदी थोडे, आणि कदाचित अजिबात नाही. बहुतेक ॲपवर तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या कलाकाराकडे थेट जात नाही. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या हंड्यात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा त्याला तेवढं मिळतं. तुम्ही महिनाभर एकाच गिटारवादकाला ऐकलंत तरी तुमच्या पैशांचा मोठा भाग चित्रपटगीतांकडे जातो. शिवाय 2024 पासून स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला मागच्या 12 महिन्यांत 1000 पेक्षा कमी स्ट्रीम मिळाले (म्हणजे तो तेवढ्याहून कमी वेळा ऐकला गेला), त्या रेकॉर्डिंगला रॉयल्टीच मिळत नाही. वर्षाला 800 वेळा प्रेमाने ऐकलेला ट्रॅक तिथे शून्य धरला जातो. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळवायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं.

म्हणून ऐकणं थांबवू नका. ऐका, इतरांना पाठवा. फक्त तेवढ्यावर कुणाचं घरभाडं भरलं जातंय असं समजू नका.

मग मी काय करावं?

आवडला तो अल्बम विकत घ्या. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या वेबसाइटवर तो विकत घेतला तर डिजिटल विक्रीतले 15 टक्के कंपनी ठेवते आणि पैसे पाठवण्याचं शुल्क वजा होऊन बाकीचे कलाकाराकडे जातात. कोविडच्या काळात, मार्च 2020 मध्ये, त्यांनी ठराविक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडायला सुरुवात केली. त्या शुक्रवारची वाट बघून खरेदी करणारे श्रोते आहेत. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या.

कलाकार इथला असेल तर त्याहून सोपं. यूपीआयवर 100 रुपये पाठवलेत तर 100 च पोचतात, मधे कुणी नाही. आणि पैसे पाठवताना नोंदीत ट्रॅकचं नाव लिहा. एकदा मला 51 रुपये आले, खाली लिहिलं होतं, "आईच्या शेवटच्या आठवड्यात हेच लावून ठेवायचो." त्या 51 रुपयांनी मला पुढचा ट्रॅक पूर्ण करायला लावला.

माझ्या एकट्याच्या शे-दोनशे रुपयांनी काय होणार?

विंडहॅम हिल हे लेबल कसं सुरू झालं ते सांगतो. विल ॲकरमन हा कॅलिफोर्नियातला सुतारकाम करणारा गिटारवादक. 1976 मध्ये त्याने ओळखीपाळखीच्या माणसांकडून प्रत्येकी 5 डॉलर गोळा केले आणि आपली पहिली रेकॉर्ड छापली. त्यातूनच पुढे लेबल उभं राहिलं आणि हेजेसचा तो 1984 चा अल्बम याच लेबलने काढला. गिटारवादनाची दिशा बदलणाऱ्या त्या संगीताच्या मुळाशी मित्रांची पाच-पाच डॉलरची वर्गणी आहे. आपल्याकडे गावोगावची म्युझिक सर्कलं वर्गणीवरच चालली. ही सवय आपली जुनीच आहे.

घरी बैठक ठेवता येईल का?

यायलाच हवी. हे संगीत घराच्या खोलीसाठीच आहे, कारण थापेचे बारीक आवाज मोठ्या सभागृहात विरतात.

वीस-पंचवीस माणसं, सतरंज्या, मागे दोन खुर्च्या ज्येष्ठांसाठी. माइक नको. पंखा बंद ठेवता आला तर उत्तम, नाहीतर एकावर. मुलं पुढे बसवा. जेवण कार्यक्रमानंतर, आधी फक्त चहा. मानधन किती ते कलाकाराशी आधी स्पष्ट बोला आणि निमंत्रणातच लिहा की प्रत्येकाने अमुक रुपये आणावेत. दाराशी क्यूआर कोड आणि एक डबा ठेवा.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्यात एका मित्राकडे अशी बैठक झाली. दाराशी लाडवाचा स्टीलचा डबा होता. मध्येच वीज गेली, कुणी उठलं नाही, वहिनींनी समई आणून मधोमध ठेवली. मी डॅडगॅडमध्ये दुर्गा वाजवत होतो आणि पुढे बसलेल्या एका काकांनी मांडीवर नकळत ठेका धरला. मी त्यांच्याकडे बघून मनगटाचा ठेका सोडला आणि तो त्यांच्याकडेच राहू दिला. पाच मिनिटं आम्ही दोघं वाजवत होतो. निघताना डब्यात सुट्या नोटा होत्या, दहाच्या, पन्नासच्या, पाचशेच्या. त्यातून पुढच्या रेकॉर्डिंगच्या स्टुडिओचे दोन दिवस निघाले.

कार्यक्रमात "प्रसिद्धी मिळेल" म्हणून फुकट वाजवायला बोलावतात. जावं का?

शाळा, वृद्धाश्रम, कुणाच्या उपचारासाठीचा निधी, तिथे आनंदाने जावं. पण चहाची, फुलांची, मांडवाची बिलं भरली जातात आणि फक्त वादकालाच प्रसिद्धी दिली जाते, तिथे नम्रपणे नाही म्हणावं. एका कॅफेत मी सलग आठ रविवार असं वाजवलं. नवव्या रविवारी मानधनाचं विचारलं, तर त्यांनी दुसऱ्या मुलाला फुकट बोलावलं. त्या मुलाला मी दोष देत नाही. पण आपण एक जण फुकट गेलो की पुढच्याचाही भाव पडतो, हे मला तिथे कळलं.

अभंग किंवा जुनं भावगीत गिटारवर बसवून टाकलं तर चालेल?

तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तुमच्या कानातली चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते. आपल्या कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीनंतर 60 वर्षं राहतो. पारंपरिक वारकरी चाल घ्या किंवा स्वतः नवी बांधा. दुसऱ्याची घेतली असेल तर परवानगी काढा आणि नाव ठळक लिहा. आपल्या कामाचे पैसे मिळावेत असं वाटत असेल तर दुसऱ्याच्याही कामाचे द्यावेत. आणि स्वतःच्या रचना असतील तर आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. ही संस्था 1969 पासून रचनाकारांची रॉयल्टी गोळा करते.

मुलगी नऊ वर्षांची आहे. गिटारवर नुसती टकटक करत बसते, तार छेडतच नाही. शिक्षक रागावतात. काय करू?

करू द्या. गिटार तिच्या मांडीवर उताणी ठेवा, तारांखाली एक सुती रुमाल सरकवा म्हणजे त्या गप्प राहतील, आणि तिला केरवा म्हणून दाखवा. ती बोल म्हणत हात टाकू लागली की एक दिवस रुमाल हळूच काढून घ्या.